दूध सोडण्याची दोन कारणं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

हॉटेलवर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी दिसली, की आत पनीर, लस्सी, तूप आणि मसाला दूध मिळणार हे आपण गृहीतच धरतो. त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. दूध हा प्राण्यापासून मिळणारा पदार्थ आहे, हे आपल्याला ठाऊक असतं, पण आठवत नसतं. ते उपासाला चालतं, देवाला चालतं, आजाऱ्याला चालतं. त्यामुळे मांस-मासे तर सोडाच, दूध, दही, तूप, अंडी आणि मधसुद्धा वर्ज्य करून फक्त वनस्पतींवर राहणारा माणूस आपल्याला थोडा विक्षिप्त वाटतो. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांसाठी ‘व्हीगन’ हा शब्द रूढ केला. मराठीत त्याला अजून सर्वांनी मानलेला प्रतिशब्द नाही, तेव्हा मीही व्हीगनच म्हणतो.

मी राहनाळला दवाखाना चालवतो. भिवंडीला लागून असलेलं हे गाव. पूर्वी भातशेतीचं, आता गोदामांचं. जुनी वस्ती बरीचशी आगरी समाजाची. तांदळाची भाकरी, सुकट, बोंबील, खाडीतले निवटे, पावसाळ्यात चिंबोऱ्या, असं जेवण असलेल्या गावात व्हीगन आहाराची चौकशी कोण करणार, असं तुम्हाला वाटेल. पण करतात. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे, आणि त्यावर कुणी ना कुणी सांगतच असतं की दूध हे विष आहे, किंवा दूध हे पाप आहे.

विष आणि पाप. दोन्ही शब्द अतिशयोक्त आहेत. पण त्यांत फरक आहे, आणि आज मला त्या फरकाबद्दलच बोलायचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या दोन माणसांची उदाहरणं देतो. नावं अर्थातच सांगणार नाही.

पहिले गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, ट्रान्सपोर्टच्या धंद्यातले. दहा वर्षं मधुमेह. कुठलंसं शिबिर करून आले आणि मटण, मासे, दूध सगळं बंद केलं. तेल कमी केलं, पालेभाज्या, कडधान्यं वाढवली. सहा महिन्यांनी रिपोर्ट घेऊन आले तेव्हा वजन सात किलो उतरलेलं, साखर बरीच आटोक्यात. “डॉक्टर, आता आयुष्यभर हेच,” म्हणाले. पुढच्या गटारीला त्यांनी मटण खाल्लं. साखर उतरलीच आहे, तर एखाद्या दिवसानं काय होतंय, असा त्यांचा हिशेब, आणि वैद्यकीयदृष्ट्या तो फारसा चुकीचाही नव्हता.

दुसरा सत्तावीस वर्षांचा तरुण, गोदामात मालाची नोंद ठेवणारा. तो आजारी म्हणून आला नव्हता. “मला काही झालेलं नाही डॉक्टर. मी दूध आणि मासे सोडलेत. आई म्हणाली, डॉक्टरांना विचारून ये.” का सोडलंस, म्हणून विचारलं. कामावर जाण्याच्या वाटेवर एक तबेला होता. एका सकाळी उकिरड्यावर मेलेलं पारडू टाकलेलं त्यानं पाहिलं, आणि आत त्याच म्हशीचं दूध काढणं चाललं होतं. त्या दिवसापासून घरी चहा बिनदुधाचा.

दोघांचं ताट सारखंच. कारणं मात्र इतकी वेगळी, की एकाची चूक दुसऱ्याला लागू पडत नाही आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की रोज एक पेला दूध पिणं प्रकृतीला उत्तम, तर पहिल्या गृहस्थांचं दूध सोडण्याचं कारण संपलं. त्या तरुणाला मात्र त्यानं काहीच फरक पडत नाही.

आधी आरोग्याची बाजू पाहू. व्हीगन आहारात संपृक्त चरबी कमी आणि चोथा जास्त असतो. त्यामुळे वजन आणि कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकेतले डॉ. नील बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. मधुमेही रुग्णांच्या एका गटाला कमी तेलाचा व्हीगन आहार आणि दुसऱ्याला मधुमेहाचं नेहमीचं पथ्य दिलं होतं. साखर दोन्ही गटांत उतरली. ज्यांच्या औषधांत मधे बदल झाला नाही, त्यांच्यात व्हीगन गटाची जास्त उतरली. म्हणजे फायदा खरा. पण नेहमीचं पथ्य मनापासून पाळलं तरी फायदा होतोच, हेही त्याच चाचणीतलं सत्य. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना दूध सोडल्याचा किती गुण आला आणि रोजची तळलेली भजी सुटल्याचा किती, हे मला सांगता येणार नाही.

आणि व्हीगन म्हणजे आपोआप पौष्टिक, असंही नाही. वडापाव बहुतेक वेळा व्हीगनच असतो. बटाट्याचे वेफर्स, साखर घातलेला काळा चहा, डालड्यातली शंकरपाळी, सगळं त्यात बसतं. उलट बाजूनं पाहिलं तर माफक प्रमाणात मासे खाल्ल्यानं निरोगी माणसाचं नुकसान होतं, असा पुरावा नाही. हृदयासाठी मासे बरेच, असंच बहुतेक तज्ज्ञ सांगतात. त्यामुळे राहनाळच्या एखाद्या घरी जाऊन ‘तब्येतीसाठी कालवण सोडा’ असं सांगणं माझ्या तरी तोंडून निघत नाही. आरोग्याचं कारण माणसाला ‘कमी खा, बदलून खा’ इथपर्यंत प्रामाणिकपणे नेतं. ‘अजिबात नको’ इथपर्यंत नेण्याइतकं बळ त्यात नाही.

हे गांधीजींच्या फार आधी लक्षात आलं होतं. विद्यार्थी म्हणून लंडनला असताना ते आईला दिलेल्या वचनापोटी मांस खात नव्हते. फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या एका शाकाहारी खानावळीत त्यांना हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं छोटं पुस्तक मिळालं, आणि ते वाचून आपण बुद्धीनं शाकाहारी झालो असं त्यांनी लिहिलं आहे. पुढे गोलमेज परिषदेसाठी गेले असताना, २० नोव्हेंबर १९३१ रोजी, लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे ते बोलले. सॉल्ट तेव्हा उपस्थित होते. भाषणाचा गाभा असा, की प्रकृतीसाठी शाकाहारी झालेले लोक बहुधा टिकत नाहीत. प्रकृती सुधारली नाही तर सोडतात. टिकायचं तर पाया नैतिक हवा. प्रकृती सुधारल्यावरही माणसं सोडतात, एवढी भर मी माझ्या दवाखान्यातल्या अनुभवावरून घालतो.

पण नैतिक पाया असलेल्याचं पुढे काय होतं, हेही गांधीजींच्याच चरित्रात पाहायला मिळतं, आणि ती हकिकत आपल्या मुंबईत घडलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर १९१२ साली त्यांनी दूध सोडलं. दुधानं विकार वाढतात, ही इंद्रियनिग्रहाची कल्पना त्यामागे आधीपासून होती. पण पक्का निश्चय झाला तो कलकत्त्याहून आलेल्या काही मजकुरानं. गाई-म्हशींचं दूध शेवटच्या थेंबापर्यंत निघावं म्हणून त्यांच्या योनिमार्गात हवा फुंकण्याचा प्रकार गवळ्यांत चालत असे. त्याला ‘फुंका’ म्हणत. ते वाचून त्यांना दुधाची शिसारी आली.

मग १९१८ साल. खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांना जबरदस्त आमांश झाला. महिनोन् महिने शक्ती येईना. हवापालट म्हणून माथेरानला आणलं, पण तिथलं पाणी सोसेना. आठवड्याच्या आत खाली उतरावं लागलं. मुंबईत डॉ. दलाल यांनी तपासलं आणि सांगितलं, की दूध घेतल्याशिवाय हे शरीर मी पुन्हा उभं करू शकत नाही. गांधीजींनी आपलं व्रत आणि त्यामागचं फुंक्याचं कारण सांगितलं. कस्तुरबा खाटेजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी. डॉक्टरांनी तेवढ्यावर समाधान मानलं. गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं, आणि आपण व्रताचा शब्द पाळला पण आत्मा गमावला, हे आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं. ही बोच त्यांना कायम राहिली. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ कुणी वैद्यानं दाखवावा, असं त्यांचं मागणं होतं.

इथे मी, एक डॉक्टर म्हणून, डॉ. दलालांच्या बाजूनं उभा राहतो. तेव्हाच्या ज्ञानात त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. गांधीजींच्या त्या वेळच्या अशक्तपणाचं नेमकं निदान आज करण्यात अर्थ नाही. पण दूध सोडणाऱ्याला हमखास कमी पडणारी एक गोष्ट तेव्हा कुणालाच माहीत नव्हती, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळं काढलं गेलं १९४८ साली. म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी.

बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही, आणि कुठलाही प्राणीही बनवत नाही. ते बनवतात जिवाणू. म्हशीच्या पोटातले जिवाणू ते करतात, म्हशीच्या रक्तातून ते दुधात उतरतं, आणि तिथून आपल्याकडे येतं. आपल्याला ते दिवसाला फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातले दोन-अडीच. पण तेवढं मिळालं नाही तर रक्त फिकं पडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे नसा बिघडतात. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा. यकृतात साठा असतो, तो काही वर्षंसुद्धा पुरतो. म्हणून नव्या व्हीगनाला पहिली दोन वर्षं छान वाटतं, आणि त्याला वाटतं की डॉक्टर उगाच घाबरवत होते.

हा प्रश्न फक्त व्हीगनांचा आहे असंही समजू नका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. त्यांत जवळजवळ दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं. या बाया काही व्हीगन नव्हत्या. चहापुरतं दूध आणि सणावारी मटण, एवढ्यानं भागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. गरोदरपणात ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली, हे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलं. मधुमेहाकडे जाणारी ती वाट आहे.

याच कारणानं त्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला मी दूध प्यायचा आग्रह केला नाही. बी-१२ची गोळी घ्यायचा मात्र केला. त्याला ते पटेना. “आपला आहार नैसर्गिक असेल तर गोळी कशाला?” हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो, आणि इथेच दोन्ही कारणांची सरमिसळ होते. म्हशीला त्रास होऊ नये म्हणून दूध सोडलं, हे स्वच्छ कारण आहे. पण त्याला ‘आणि हाच निसर्गानं ठरवलेला परिपूर्ण आहार’ अशी शेपटी जोडली, की गोळी घेणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे गोळीतलं बी-१२ मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवूनच काढतात. त्यात म्हैस लागत नाही. गांधीजींनी मागितलेली वस्तू, निदान तिचा एक महत्त्वाचा भाग, आज औषधांच्या दुकानात मिळतो.

दीड वर्षानं तो पुन्हा आला तेव्हा बायको बरोबर होती. तिसरा महिना. नवऱ्याचं पाहून तिनंही दूध आणि मासे सोडलेले. त्या दिवशी मी जरा कडक बोललो. मोठ्या माणसानं स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणं वेगळं. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर बाळाला मिळत नाही, आणि जन्मल्यावर तिच्या दुधातूनही मिळत नाही. अशी बाळं सहा-आठ महिन्यांची होईपर्यंत बरी दिसतात. मग हसणं, मान धरणं अशा आलेल्या गोष्टी विसरू लागतात, हातपाय थरथरतात. हा आजार आपल्या देशात बालरोगतज्ज्ञांना चांगला परिचित आहे. पोटातल्या बाळानं कसलंही व्रत घेतलेलं नसतं. मुलगी समजूतदार होती. तिची तपासणी झाली, आधी इंजेक्शनं, मग गोळ्या सुरू केल्या. त्याचबरोबर लोह, कॅल्शियम, आणि रोज दोन्ही वेळा पोटभर डाळ किंवा उसळ.

दुधाविना कॅल्शियमचं काय, हा प्रश्न तिच्या सासूबाईंनी विचारला, आणि तो रास्त होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या पाहणीत २०२० साली दिसलं, की व्हीगनांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आपल्याकडे सुदैवानं नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ आहेत, शेवग्याचा पाला आहे. मात्र हे खावं लागतं. नाचणी चांगली असते हे माहीत असून उपयोग नाही. मधुमेहींसाठी आणखी एक सूचना. मेटफॉर्मिन ही नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-१२ उतरू शकतं. ती घेत असाल आणि दूध-मासे सोडणार असाल, तर आधी रक्त तपासा. आणि आहार एकदम बदलला तर साखर एकाएकी खाली जाऊ शकते, तेव्हा औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदला.

आता म्हशीकडे वळू. फुंक्यावर कायद्यानं बंदी आली म्हणून तो प्रश्न संपला, असं नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या बाराव्या कलमात फुंक्याचा नावानिशी उल्लेख आहे, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणंही त्यात गुन्हा ठरवलेलं आहे. हे टोचणं म्हणजे मुख्यतः ऑक्सिटोसिन. म्हशीला दूध यायचं तर आधी वीण लागते, आणि पारडू समोर असलं की पान्हा सुटतो. शहराजवळच्या तबेल्यात जागा महाग, चारा-पेंड महाग. नर पारडाला सांभाळणं परवडत नाही. ते दुर्लक्षानं मरतं. मग पान्हा यावा म्हणून सुई.

या इंजेक्शनाबद्दल बोललं जातं ते बहुतेक वेळा आपल्या तब्येतीच्या अंगानं. ‘इंजेक्शनचं दूध पिऊन मुली लवकर वयात येतात’ ही तक्रार माझ्याकडे दर महिन्याला येते. त्यात तथ्य दिसत नाही. ऑक्सिटोसिन हे प्रथिनासारखं संप्रेरक आहे. दुधात त्याचा अंश आला तरी पोटात पचून जातं. त्रास होतो तो म्हशीला: तिच्या गर्भाशयाला रोज दोनदा कळा येतात. म्हणजे पाहा, आरोग्याचं कारण पुढे करून आपण या सुईविरुद्ध बोलत राहिलो, आणि उद्या प्रयोगशाळेनं दूध निर्धोक ठरवलं, तर सुईला विरोध करायला कुणी उरणारच नाही. तिच्या बाजूनं बोलायचं तर तिच्याच त्रासाबद्दल बोलावं लागेल.

तबेलेवाल्यांना राक्षस ठरवून चालणार नाही. माझ्याकडे येणारे एक वृद्ध तबेलेवाले आहेत. ते सुई वापरत नाहीत. त्यांनी मला एकदा विचारलं, “पारडाला पाजलं तर तुम्हाला काय घालू, डॉक्टरसाहेब? आणि भाकड म्हैस मी किती दिवस उभी ठेवू?” महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६च्या कायद्यानं बंद झाली, २०१५ साली बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीला ते संरक्षण नाही, आणि म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत आपला देश आहे. आटलेली म्हैस विकली जाते ती कुठे जाते, हे तूप घालून पुरणपोळी खाणाऱ्याला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

म्हणूनच मला त्या तरुणाच्या कारणाबद्दल आदर वाटतो. आपल्या समाजात शाकाहाराला सोवळ्याचा वास आहे. मासे खाणाऱ्याला घर भाड्यानं न देणाऱ्या सोसायट्या आहेत. पण दुधाचा प्रश्न एकदा नीट विचारला, की दोनदा तूप वाढून घेणारा आणि सुकट खाणारा एकाच बाकावर येऊन बसतात. किंबहुना आमच्या आगरी घरांतल्या जुन्या स्वयंपाकात दूध-तूप थोडंच. वालाचं बिरडं, नारळाचा रस, तांदळाची भाकरी, भाज्या. मासे बाजूला ठेवले तर उरलेलं ताट बरंचसं व्हीगनच आहे. म्हशीच्या हिशेबानं पाहायचं तर पनीरवाल्या हॉटेलातल्या ताटापेक्षा ते अधिक निर्दोष.

शिवाय हे कारण ताटाशी थांबत नाही. पुण्यातली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था १९७४ पासून रेशमी वस्त्रं आणि कातडी वस्तूंबद्दलही बोलत आली आहे, कारण रेशमासाठी कोशातल्या किड्याला उकळावं लागतं. ट्रान्सपोर्टवाल्यांनी सहा महिने दूध घेतलं नाही तेव्हा त्यांच्या पायांत कातडी चपलाच होत्या, आणि त्यात गैर काही नव्हतं. चपलेनं साखर वाढत नाही. त्या तरुणानं मात्र स्वतःच्या लग्नात बायकोला पैठणी घेतली होती, ती आता कपाटात तशीच आहे. नेसायची की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.

मुलगी झाली. वजन पावणेतीन किलो. आईच्या गोळ्या चालू आहेत, बाळाला सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करताना काय काय द्यायचं आणि कोणते थेंब द्यायचे, याचा कागद मी बालरोगतज्ज्ञांशी बोलून लिहून दिला आहे. मार्गशीर्षातले गुरुवार सासूबाई दरवर्षी करतात, घरात त्या दिवशी मासे नसतात. या खेपेला सुनेलाही जेवता यावं म्हणून त्यांनी नैवेद्याची खीर नारळाच्या दुधात केली. ती लक्ष्मीला चालते का, हे मात्र त्यांनी मला विचारलं नाही, भटजींना विचारलं.